रसायन बाहेर पडतं ते जोडावरून: टँकर अनलोडिंग, होज, लेव्हल, गॅस्केट

पाइपरॅक (धागाकर्ता)

कारखान्यातल्या गळतीचा विषय निघाला की चर्चा लगेच रिॲक्टरवर जाते. रिॲक्टरला दहा इन्स्ट्रुमेंट असतात, चोवीस तास कुणीतरी बघत असतं. टँकर जिथे रिकामा होतो तिथे काय असतं? पहिल्यांदाच आलेला ड्रायव्हर, एक हेल्पर, एक होज (लवचीक नळी) आणि ओळीने उभी असलेली, एकसारखी दिसणारी चार-पाच पाइपांची तोंडं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

२१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन इथे टँकरमधलं सल्फ्युरिक ॲसिड सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीत गेलं. क्लोरीनचा ढग गावावर आला आणि १४० हून जास्त लोकांना दवाखाना गाठावा लागला. दोन्ही रसायनांची भरायची तोंडं शेजारीशेजारी होती, दिसायला सारखी, आणि हायपोच्या तोंडाला कुलूप नव्हतं. ड्रायव्हरने होज लावली ती उघड्या तोंडाला.

यावर जे करायचं ते असं. प्रत्येक तोंडाला ब्लाइंड कॅप (तोंड पूर्ण बंद करणारं झाकण) आणि वेगळ्या किल्लीचं कुलूप. किल्ली कंट्रोल रूममध्ये, आणि कुलूप उघडायचं ऑपरेटरनेच, किल्ली ड्रायव्हरच्या हाती द्यायची नाही. कपलिंग रसायनागणिक वेगळी, म्हणजे ॲसिडला २ इंची फ्लँज (बोल्टने आवळायची कडा) तर हायपोला ३ इंची कॅमलॉक (खटक्याने बसणारं कपलिंग). चुकीची होज बसताच कामा नये. नावाची पाटी तोंडालाच लटकलेली हवी, मागच्या भिंतीवर डोक्यापेक्षा उंच रंगवलेलं नाव होज जोडणाऱ्याला दिसत नाही. आणि ॲसिड व हायपोची तोंडं एका रांगेत ठेवायचीच नाहीत, शक्य असेल तर शेडच्या दोन टोकांना.

जोडण्याआधी टँकरमधून पाव लिटर नमुना काढून हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) बुडवायचा. ९८ टक्के सल्फ्युरिकची घनता १.८४, ३२ टक्के कॉस्टिक लायची (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची) १.३५. कागदपत्रात काहीही लिहिलेलं असो, हायड्रोमीटर खोटं बोलत नाही.

टायट्रेशन

धागा उत्तम, पण शेवटच्या वाक्याला हरकत. ३० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची घनता १.१५ च्या आसपास, आणि बाजारात मिळणारा १०-१२ टक्के हायपोही साधारण १.१५ ते १.२० मध्येच असतो. म्हणजे जी जोडी एकत्र आली तर सगळ्यात वाईट, नेमकी तीच हायड्रोमीटरला ओळखता येत नाही. सोबत पीएच पट्टी हवीच. ॲसिडमध्ये ती लाल होते. हायपोमध्ये आधी निळी पडते आणि बघता बघता पांढरी होते, कारण हायपो पट्टीचा रंगच खातो. पांढरी झालेली पट्टी बघून "पट्टी खराब आहे" म्हणत दुसरी काढणारे असतात, त्यांना हे आधी सांगून ठेवावं.

कपलिंगबद्दल एक भर. वेगळ्या साइझची कपलिंग बसवली की आठवड्याभरात कुठूनतरी ३ इंचीवरून २ इंचीवर आणणारा अडॅप्टर उगवतो, बहुतेक वेळा टँकरच्याच टूलबॉक्समधून. "टँकरचा अडॅप्टर चालणार नाही" हे ऑर्डरमध्येच लिहून द्यायला हवं.

पाइपरॅक

मान्य. पट्टी राहिली होती, आणि वाक्य जरा जास्तच जोरात लिहिलं गेलं.

फ्लोटस्विच

बरोबर रसायन बरोबर टाकीत गेलं तरी ते मावलं पाहिजे. टाकी ३० घनमीटरची, कमाल भरायची मर्यादा ९० टक्के म्हणजे २७. आत्ता आत १२ आहेत. जागा उरली १५, आणि दारात उभा टँकर २० चा. हे गणित होज जोडण्याआधी कागदावर व्हायला हवं आणि त्यावर सही हवी. "भरेल तेवढं भरू, उरलेलं परत पाठवू" असं ठरलं की आपण अलार्मच्या भरवशावर टाकी भरायला लागलो. मग अलार्म हे संरक्षण राहत नाही, तो टाकी भरल्याची घंटा होतो.

अलार्म किती उंचीवर ठेवायचा हेही अंदाजाने ठरवू नये. पंपाचा वेग ताशी ३० घनमीटर, म्हणजे मिनिटाला अर्धा. अलार्म वाजल्यापासून माणसाने ऐकायचं, समजायचं, चालत जायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा, याला ५ मिनिटं धरा. तेवढ्यात २.५ घनमीटर आत येतं. टाकीचा व्यास ३ मीटर असेल तर तळाचं क्षेत्रफळ ७ चौरस मीटर, म्हणजे पातळी साधारण ३५ सेंटीमीटर वर चढते. अलार्म आणि ओव्हरफ्लोच्या तोंडात एवढं अंतर तरी हवंच. पुढे कधी पंप मोठा बसवला तर हे अंतर बदलतं, आणि ते बदलायचं हमखास राहून जातं.

दुसरं, लेव्हल दाखवणारा ट्रान्समीटर आणि पंप बंद करणारा हाय-हाय स्विच एकमेकांपासून पूर्ण वेगळे हवेत. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत पेट्रोलची टाकी भरत असताना गेजचा आकडा एका जागी अडकला. त्यावरचा स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच बसवलेला होता, पण त्याची टेस्ट लिव्हर योग्य जागी धरून ठेवणारं छोटं कुलूप लावलेलं नव्हतं, त्यामुळे स्विच निकामी होता. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल वरून सांडलं आणि पेटलं. त्या कुलपाचं खरं काम काय, हे बसवणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

स्विच तपासायचा म्हणजे टेस्ट बटण दाबायचं नाही. बटणाने वायर आणि दिवा तपासला जातो, फ्लोट नाही. फ्लोट खरोखर द्रवात बुडला पाहिजे. त्यासाठी स्विच बाहेरच्या चेंबरमध्ये बसवा, वरून पाणी किंवा तेच रसायन ओता, आणि पंप खरंच ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो) का ते बघा. नुसता कंट्रोल रूममधला दिवा बघून रजिस्टर भरू नका.

व्हेंटपाइप

सहमत. जोडीला डीपी (दाबातल्या फरकावरून पातळी सांगणाऱ्या) ट्रान्समीटरची एक गंमत, जी फारशी गंमत नाही. तो उंची मोजत नाही, तळाचा दाब मोजतो आणि घनता गृहीत धरून उंची दाखवतो. ५० टक्के कॉस्टिकसाठी तो १.५२ घनतेवर लावलेला आहे आणि आज टाकीत ३२ टक्के लाय आली. खरी पातळी ३ मीटर असताना तो २.६६ दाखवेल. टाकी भरून वाहील तेव्हाही स्क्रीनवर जागा शिल्लकच दिसत असेल. खरेदी विभागाने ग्रेड बदलली की इन्स्ट्रुमेंटवाल्याला कळवायचं, ही ओळ कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसते.

खरं तर मी इथे व्हेंटबद्दल, म्हणजे टाकीतली हवा आत-बाहेर जायच्या वाटेबद्दल, लिहायला आलो होतो. टँकर हवेच्या दाबाने रिकामा करतात तेव्हा टाकी धोक्यात येते ती अगदी शेवटच्या मिनिटात. जोवर द्रव येतोय तोवर व्हेंटमधून तेवढीच हवा बाहेर जाते. टँकर संपला की दीड-दोन बारची सगळी हवा एकदम होजमधून टाकीत घुसते. एफआरपी (फायबरग्लास-प्लास्टिकची) टाकी जवळपास वातावरणाच्याच दाबासाठी बनवलेली असते आणि तिचा २ इंची व्हेंट या झोताला पुरत नाही. मग छत उचकटतं, किंवा तळाचा जोड तडकतो, आणि तो आठवड्याने ठिबकायला लागल्यावर लक्षात येतो. हवेचा दाब शेवटी कमी करा, होज फडफडायला लागली की लगेच टँकरचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि व्हेंट द्रवाच्या वेगावर नव्हे तर या शेवटच्या झोतावर मोजून घ्या. शक्य असेल तर हवा नकोच, आपला पंप वापरा.

उलटंही होतं. रंगकाम करताना व्हेंटवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि ती तशीच राहिली. पंपाने द्रव ओढायला सुरुवात केली की टाकी रिकाम्या डब्यासारखी आत चेपते.

गॅस्केटदादा

होजवर कुणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहितो.

१४ ऑगस्ट २००२, अमेरिकेत मिसूरीतलं फेस्टस. क्लोरीनच्या रेल्वे टँकरवरची होज फुटली आणि सुमारे २२ टन क्लोरीन तीन तासांत बाहेर गेलं. होजवरची धातूची वेणी कागदावर हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूची होती, प्रत्यक्षात ३१६एल स्टेनलेसची. दोन्ही चकचकीत, डोळ्यांना फरक कळत नाही. आतल्या पीटीएफई (टेफ्लॉनच्या) नळीतून क्लोरीन थोडं थोडं पाझरतंच. बाहेरच्या हवेतल्या ओलाव्यात मिसळून ते स्टेनलेस खातं, हॅस्टेलॉय मात्र टिकतं. त्यात भर म्हणजे आपोआप बंद व्हायला हवे होते ते इमर्जन्सी व्हॉल्व्हही गंजाच्या कचऱ्याने पूर्ण बंद झाले नाहीत.

तर होज आली की तिच्या धातूची पीएमआय बंदुकीने तपासणी करा, वेणी आणि एंड-फिटिंग दोन्हीची. सर्टिफिकेटवर सही असते, सर्टिफिकेटला वेणी नसते. प्रत्येक होजला नंबराचा धातूचा बिल्ला, त्यावर रसायन, कामाचा दाब, सेवेत आल्याची तारीख आणि बाद करायची तारीख. साधारण पद्धत म्हणजे वर्षातून एकदा कामाच्या दाबाच्या दीडपटीने पाण्याची चाचणी. क्लोरीनसारख्या रसायनासाठी होज पाण्याने तपासल्यावर पूर्ण कोरडी करायची, ड्यू पॉइंट (आत उरलेल्या ओलाव्याचं माप) बघूनच परत द्यायची, नाहीतर तपासणीनेच गंज सुरू होतो.

बाद करायची तारीख उलटली की होज कापून दोन तुकडे करायचे. रॅकवर "जुनी" म्हणून ठेवली तर रात्रपाळीत तीच लागते. २३ जानेवारी २०१० ला वेस्ट व्हर्जिनियातल्या बेल इथे फॉस्जीन या विषारी वायूची होज फुटून एका ऑपरेटरचा मृत्यू झाला. ती होज दर महिन्याला बदलायचा नियम होता. मुदत उलटून गेली तरी ती जागेवरच होती, कारण संगणकातली आठवणच बंद पडलेली होती.

शिकाऊ

दादा, दोन प्रश्न. पीएमआय बंदूक म्हणजे काय? आणि बेलची होज जुनी होती म्हणून फुटली की दाबामुळे?

गॅस्केटदादा

पीएमआय म्हणजे धातूवर टेकवून क्ष-किरणांनी त्यात निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम किती ते काही सेकंदांत सांगणारं हातातलं यंत्र. धातूची ओळख किती महत्त्वाची ते एका उदाहरणाने सांगतो. ओल्या क्लोरीनला टायटॅनियम उत्तम. तेच टायटॅनियम कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेतं. म्हणजे "भारी धातू बसवला" एवढ्याने भागत नाही.

बेलला दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. झिजलेली होज आणि दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद असताना आत कोंडलेला द्रव. ऊन लागलं, खोली तापली की द्रव फुगतो, त्याला जायला जागा नसते. पूर्ण भरलेल्या, कोंडलेल्या पाइपात तापमानाच्या दर अंशाला दाब कित्येक बारनी चढतो. द्रवरूप वायूच्या लाइनमध्ये दोन बंद होऊ शकणाऱ्या व्हॉल्व्हच्या मधल्या प्रत्येक तुकड्याला रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा एक्स्पान्शन चेंबर हवा. पीअँडआयडी (पाइप आणि इन्स्ट्रुमेंटचा आराखडा) समोर घ्या आणि पेन्सिलने असे तुकडे शोधा, दोन तासांचं काम आहे. "हे दोन व्हॉल्व्ह एकदम बंद करायचे नाहीत" अशी सूचना लिहून मोकळं होऊ नका.

टायट्रेशन

हायपोत कोंडलेल्या द्रवाचा आणखी एक प्रकार असतो. हायपो सावकाश विघटित होऊन ऑक्सिजन सोडत राहतो. बॉल व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या पोकळीत हायपो अडकतो, वायू साठत जातो आणि एक दिवस व्हॉल्व्हची बॉडी फुटते. म्हणून हायपोला व्हेंटेड बॉल घ्यायचा, ज्याच्या बॉलला वरच्या प्रवाहाच्या बाजूने छोटं भोक असतं. बसवताना बाणाची दिशा बघा. उलटा बसला तर व्हॉल्व्ह बंद असतानाही पोकळी खालच्या बाजूला उघडी राहते, आणि तिच्यातला हायपो तिकडचा फ्लँज सोडणाऱ्याच्या अंगावर येतो.

शिवाय सल्फ्युरिकबद्दल. ९३ ते ९८ टक्के ॲसिड साध्या लोखंडी टाकीत राहतं, कारण लोखंडावर सल्फेटचा थर बसतो. वेग सेकंदाला एक मीटरच्या जवळ गेला की तो थर धुऊन जातो, म्हणून पाइप बारीक घेऊन पैसे वाचवू नका. व्हेंटमधून ओलावा आला की वरचं ॲसिड पातळ होतं, लोखंड खातं आणि हायड्रोजन तयार होतो. टाकीवर वेल्डिंग करण्याआधी गॅस टेस्ट त्यासाठीच. व्हेंटला ओलावा शोषणारा ब्रीदर लावा आणि त्यातली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की बदला.

शिफ्ट_बी

मेंटेनन्ससाठी लाइन उघडतानाच्या गळत्या राहिल्या. परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) "लाइन ड्रेन केली" अशी टिक असते. ड्रेन उघडला आणि काही आलं नाही, याचे दोन अर्थ होतात: लाइन रिकामी आहे, किंवा ड्रेन चोक आहे. ५० टक्के कॉस्टिक १२ अंशाच्या आसपासच गोठायला लागतं, थंडीत दुसरा अर्थच जास्त संभवतो. ड्रेन उघडण्याआधी आणि नंतर दाब किती होता ते बघा, नायट्रोजन किंवा पाणी एका टोकाने देऊन ते ड्रेनमधून बाहेर येतं का ते पाहा. आलं तरच रिकामी.

आयसोलेशन एका व्हॉल्व्हच्या भरवशावर नको. दोन व्हॉल्व्ह बंद, मधला ब्लीड (आत उरलेलं सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) उघडा, आणि काम एका पाळीपेक्षा जास्त चालणार असेल तर सरळ ब्लाइंड (पाइप अडवणारी धातूची चकती) टाका. ब्लाइंडला नंबर आणि रजिस्टर, कारण काम संपल्यावर एक ब्लाइंड आत राहिला तर पुढची गोष्ट वेगळीच सुरू होते.

फ्लँज सोडताना आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करायचा, जवळचा शेवटी, आणि कुठलाही बोल्ट पूर्ण काढायचा नाही. आत काही असलंच तर ते पलीकडे जाईल आणि फ्लँज परत आवळता येईल. घट्ट करताना समोरासमोरचे बोल्ट, आधी ३० टक्के टॉर्क, मग ६०, मग १००, आणि शेवटी गोल फिरून एक फेरी. पीटीएफई गॅस्केट (दोन फ्लँजमधली सीलची चकती) दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लाइन थंड आणि बिनदाबाची असताना परत टॉर्क बघा. जुनं गॅस्केट परत वापरू नका, ते कितीही "चांगलं दिसत" असलं तरी. ॲसिड लाइनच्या फ्लँजवर गार्ड हवाच, तो गळती थांबवत नाही पण झोत माणसाच्या तोंडावर जाऊ देत नाही.

रोटामीटर

वाचतोय सगळं. पण खरं सांगायचं तर यातलं ऐंशी टक्के ऑपरेटरने लक्ष दिलं तर होणारच नाही. ट्रेनिंग वाढवा, बाकी आपोआप होईल.

फ्लोटस्विच

रोटामीटर, इथे मात्र असहमत. वर पाइपरॅकनी सांगितलेल्या ॲचिसनमध्ये माणूस चुकला, पण चुकायला जागा पाइपांच्या रचनेने दिली. ट्रेनिंगने चुका कमी होतात, संपत नाहीत. पहाटे चार वाजता तर नाहीच. जिथे एक चूक थेट गळतीत संपते, तिथे कुलूप, वेगळं कपलिंग किंवा इंटरलॉक (चूक झाली की आपोआप थांबवणारी यंत्रणा) हवा. आणि ऑपरेटरने "लक्ष" द्यायचं म्हणाल तर स्क्रीनवर सरासरी दहा मिनिटांना एक अलार्म इतपतच माणसाला नीट हाताळता येतो. तासाला साठ वाजत असतील तर त्यातला हाय-लेव्हलचा कुणाच्या कानावर पडणार?

रोटामीटर

अलार्मचा मुद्दा पटला. इंटरलॉकबद्दल मात्र अनुभव सगळीकडे सारखाच असतो: त्रास द्यायला लागला की बायपास होतो, म्हणजे बंद करून ठेवला जातो.

पाइपरॅक

म्हणून बायपासला परमिट लावा. कुणी मागितला, का, तोवर त्याच्या जागी काय (उदा. टाकीजवळ वॉकीटॉकी घेऊन माणूस), आणि किती वाजता संपणार. मुदत एक पाळी. पुढच्या पाळीला हवा असेल तर परत मागायचा. चार्ज देताना चालू बायपासची यादी मोठ्याने वाचायची. तोच इंटरलॉक महिन्यात तीनदा बायपास झाला तर दोष इन्स्ट्रुमेंटचा आहे, तो दुरुस्त करा.

"तात्पुरतं" या शब्दावर बारीक नजर हवी. १ जून १९७४, इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो. सहा रिॲक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा ते सहावा असा २० इंची बायपास पाइप दोन बेलोजच्या (लवचीक जोडांच्या) मध्ये बसवला. त्याचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं होतं. दोन महिने चालला, मग फाटला. सायक्लोहेक्सेनचा ढग पेटला, २८ जण गेले. आणि भोपाळला १९८४ मध्ये एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या) टाकीचं रेफ्रिजरेशन बंद होतं, फ्लेअरची (वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची) लाइन सोडलेली होती, स्क्रबर (वायू द्रावणात शोषून घेणारी यंत्रणा) चालू अवस्थेत नव्हता. तिन्ही यंत्रणा कागदावर होत्या.

व्हेंटपाइप

स्क्रबरवरून आठवलं. "स्क्रबर आहे" म्हणजे किती आहे? एक किलो क्लोरीनला १.१३ किलो कॉस्टिक लागतं. ९०० किलोचा एक टनर (क्लोरीनचा मोठा सिलिंडर) पूर्ण गळला तर साधारण १,०१५ किलो कॉस्टिक, म्हणजे १५ टक्के द्रावण जवळजवळ ६.८ टन. टाकीत ३ टन असेल तर अर्धा टनरही झेपणार नाही. त्यातही किलोमागे सुमारे १,४५० किलोज्यूल उष्णता सुटते. या हिशेबाने कूलर नसेल तर द्रावणाचं तापमान ५० अंशांनी चढतं, तयार झालेला हायपो तुटायला लागतो. कॉस्टिक पूर्ण संपलं तर स्क्रबर घेतलेलं क्लोरीन परत सोडतो, म्हणून किमान पाचवा हिस्सा जास्तीचा ठेवा आणि स्ट्रेंथ पाळीला एकदा टायट्रेट करा. २० टक्क्यांच्या वर मात्र नेऊ नका, मीठ बसून पॅकिंग (स्क्रबरमधला भराव) चोक होतं.

शिकाऊ

शेवटचा प्रश्न. बंड (टाकीभोवती गळती अडवायला बांधलेली भिंत) टाकीच्या ११० टक्क्यांचा आहे, मग टाकीला भोक पडलं तरी सगळं आतच राहणार ना?

फ्लोटस्विच

आकारमान पुरेल, पण भोक उंचावर असेल तर धार भिंतीच्या वरून बाहेर पडू शकते. हिशेब सोपा आहे: द्रवाच्या पातळीतून बंडच्या भिंतीची उंची वजा करा, येईल तेवढं अंतर टाकी आणि भिंतीत किमान हवं. पातळी ६ मीटर, भिंत १.२, तर ४.८ मीटर. अंतर कमी असेल तर त्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावा किंवा टाकी कमी भरा. आणि बंडचा ड्रेन व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला, बंद, कुलूपबंद. पावसाचं पाणी पीएच बघूनच सोडायचं. पाऊस थांबल्यावर तो व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो, आज जाऊन बघा.

शिकाऊ

बघितला. उघडाच होता. बंद करून कुलूप मागवलंय.